साराजेव्होतल्या दगडावरची तारीख

साराजेव्होला जाण्याचं माझं स्वतःचं असं काही कारण नव्हतं. सदतीस वर्षं मी कॅनडात, विंडसरला राहते. युरोप पाहिला होता तो एकदाच, यजमान असताना, टूरच्या बसमधून, दहा दिवसांत सहा देश. बोस्नियाची ही राजधानी त्या सहलीत नव्हती. गेले ते शेजारणीसाठी.

नर्मिना आमच्या डाव्या हाताच्या घरात राहते. वयाने माझ्याहून आठेक वर्षांनी लहान. नव्वदीतल्या बोस्नियाच्या लढाईतून निसटून, तीन वर्षांच्या मुलीला घेऊन ती आधी क्रोएशियातल्या छावणीत राहिली आणि तिथून इकडे आली. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात तिने आयुष्य काढलं. तिची लैला आणि माझा मुलगा एकाच वर्गात होते. माझे यजमान गेले त्या हिवाळ्यात ती रोज सकाळी माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून जायची. बेल वाजवायची नाही. मी उठून बघावं तर वाट मोकळी असायची.

मागच्या ऑगस्टमध्ये तिच्या भावाचा, इस्मेतचा, फोन आला. फुप्फुसाचा कॅन्सर, जायचं असेल तर आता ये. तीस वर्षांत ती एकदाही परत गेली नव्हती. आधी पैसे नव्हते, मग लैलाची शाळा, मग गुडघा. आणि दर वेळी इस्मेतच म्हणायचा, इथे आता काय आहे, कशाला येतेस. एकदा तिने आईच्या कबरीचा फोटो मागितला, तर म्हणाला, गवत वाढलंय, कापलं की पाठवतो. तो फोटो कधी आला नाही.

लैला आता देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरेला असते, दातांच्या दवाखान्यात काम करते. तिला रजा नव्हती, आणि तिकडचं आपल्याला काही आठवत नाही असं तिने आईला सांगून टाकलं होतं. मग नर्मिना माझ्याकडे आली. मी बत्तीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढत होते. ती म्हणाली, "तू त्याचे फोटो बघ आणि मला खरं काय ते सांग. तो सांगणार नाही."

एक्स-रे वाचणं हे आमचं काम नव्हे, ते डॉक्टरांचं, हे मी तिला सांगितलं. पण इतक्या वर्षांत डोळा तयार होतो, हे तिलाही माहीत होतं. मार्कहॅमला मुलाला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "आई, इज इट इव्हन सेफ?" म्हटलं, तू किंडरगार्टनला होतास तेव्हाच ती लढाई संपली. सप्टेंबरअखेर आम्ही दोघी निघालो.

सोमवार

आमच्या विंडसरात टेकडी म्हणून जी आहे ती जुन्या कचऱ्यावर माती टाकून केलेली. बाकी सगळं परातीसारखं सपाट. त्यामुळे साराजेव्होचं विमान उतरायला लागलं तेव्हा मी काचेला नाक लावून बसले होते. चहूकडे डोंगर आणि मध्ये एक लांबट, अरुंद दरी. दरीच्या तळाशी मिल्यात्स्का नावाची नदी. नदी म्हणायचं एवढंच. पाणी गढूळ आणि घोट्याएवढं. तिच्या दोन्ही अंगांना शहर, आणि जागा पुरली नाही म्हणून घरं डोंगरावर चढत गेलेली. लाल कौलांची, एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखी. फार सुंदर दिसत होतं. मी तसं म्हणाले. नर्मिनाने मान हलवली, पण ती घरांकडे बघत नव्हती.

टॅक्सीत बसल्यावर कळलं, ती डोंगर बघत होती. विमानतळापासून शहरात जाणाऱ्या रुंद रस्त्यावर ती बोटाने दाखवत गेली: तोफा त्या कड्यावर होत्या, त्या उतारावरून हा चौक दिसायचा, त्या इमारतीत बंदूकवाला बसायचा. शत्रूने शहर घेतलंच नाही. डोंगरांवर बसून राहिला आणि जवळजवळ चार वर्षं खाली मारत राहिला. वीज, गॅस, पाणी, सगळं बंद. दरीतल्या गावाला पळायला वाट नसते, हे नकाशावर बघून कळत नाही. तिथे उभं राहून मान वर केली की लगेच कळतं.

इस्मेतचं घर, म्हणजे त्यांचं माहेरचंच घर, नदीच्या दक्षिणेला चढावरच्या गल्लीत. नर्मिनाने ड्रायव्हरला गल्लीचं नाव सांगितलं. त्याला ते ठाऊक नव्हतं. तिने पुन्हा सांगितलं, मग जरा आवाज चढवून सांगितलं. ड्रायव्हर पंचविशीतला, लढाईनंतर बऱ्याच रस्त्यांची नावं बदलली, हे तोच तिला सौम्यपणे समजावू लागला. शेवटी त्याने आम्हाला नदीपाशी उतरवलं, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या बॅगा ओढत दगडी चढ चढलो. तीनदा थांबलो. आपल्याच गावात पत्ता चुकल्याचं तिला फार लागलं.

इस्मेत इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. तो ट्रामच्या खात्यात इलेक्ट्रिशियन होता. आता शर्टाच्या कॉलरमध्ये दोन माना मावतील इतका वाळलेला. त्याने तिच्या हातातली बॅग घेतली, दोन पायऱ्या चढला आणि भिंतीला टेकून खोकत राहिला. तेव्हा तिने त्याला धरलं.

शेजारच्या बाईने पीता करून ठेवली होती. कणीक टेबलभर ताणून इतकी पातळ करतात की खालच्या कापडाची नक्षी दिसते. मग आत चीज किंवा पालेभाजी भरून गुंडाळी करून भाजतात. नागपूरला आमची आजी मटक्यावर लांब पोळी करायची, ती अशीच हातावर झुलवून झुलवून पातळ करायची. मी ते खुणांनी सांगितलं. इस्मेतला ते पटलं, आणि त्याने माझ्या ताटात आणखी एक तुकडा घातला. स्वतः काही खाल्लं नाही.

जेवणानंतर त्याने आपणहून पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं. मी फिल्म खिडकीच्या काचेवर धरली. उजवं फुप्फुस निम्म्याहून जास्त गेलं होतं, डाव्यातही पांढरे डाग होते. खांद्याच्या पात्यामागे तांदळाच्या दाण्याएवढी एक लख्ख पांढरी खूण होती. ती आजाराची नव्हती, लोखंडाची होती. तोफगोळ्याची कपची, तीस वर्षं तिथेच.

नर्मिनाने इंग्रजीत विचारलं, "किती?" इस्मेतला इंग्रजी येत नाही, पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणाले, ख्रिसमस बघणार नाही, कदाचित एक महिना. तिने मान डोलावली आणि भावाचा कप उचलून धुवायला गेली. त्याने माझ्याकडे बघून हात छातीवर ठेवला. आभार मानायची इथली तशी पद्धत आहे.

मंगळवार

शहर पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत पाहावं. पूर्वेला तुर्कांनी वसवलेला जुना बाजार: लाकडी बैठी दुकानं, तांबटांची ठोकठोक, मशिदी. चालता चालता एके ठिकाणी पायाखालची फरशी बदलते आणि समोर एकदम व्हिएन्नासारख्या उंच कोरीव इमारती येतात. तुर्क गेले, ऑस्ट्रियाचे लोक आले, त्यांनी तिथून पुढे बांधायला घेतलं. आणखी पुढे समाजवादी काळातल्या करड्या चाळवजा इमारती. तासाभरात पाचेकशे वर्षं पायाखालून जातात. जवळजवळच मशीद, कॅथेड्रल, ऑर्थोडॉक्स चर्च आणि ज्यूंचं देऊळ आहे. गाइडबुकात हे फार कौतुकाने लिहिलेलं असतं. नर्मिना म्हणाली की आम्हालाही त्याचं कौतुक होतं, म्हणून तर आमच्यावर कुणी गोळ्या झाडेल असं वाटलं नाही.

नदीवरच्या ज्या पुलाच्या तोंडाशी ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली आणि पहिलं महायुद्ध पेटलं, तो पूल पाहिला. शाळेत मी हे पाठ केलं होतं. पूल मोठा असेल असं वाटायचं. मोजून चाळीस-पन्नास पावलांत संपला. जरा पुढे जुनं नगरभवन, ज्यात ग्रंथालय होतं. वेढ्याच्या पहिल्याच वर्षी ते पेटवलं गेलं. नर्मिना त्या दिवशी घराच्या चढावर उभी होती. जळक्या कागदाच्या काळ्या पापड्या गावभर उडत होत्या. एक तिच्या तळहातावर पडली. अक्षरं अजून वाचता येत होती, आणि बोट लावलं तसा भुगा झाला. आता इमारत पुन्हा बांधली आहे, नवीकोरी. आत जायला ती तयार झाली नाही.

फुटपाथवर ठिकठिकाणी फुलाच्या आकाराचे खड्डे दिसतात, लाल राळेने भरलेले. गोळा पडून माणसं मेली ती ती जागा. लोक त्यांना गुलाब म्हणतात. पहिल्या दोन-तीन ठिकाणी मी वळसा घालून गेले. मग पाहिलं, गावातली माणसं त्यावरून भाजीच्या पिशव्या घेऊन सरळ चालत जात होती. दुसरं काय करणार?

घरी परतताना चढाच्या पायथ्याशी बिअरचा जुना लाल कारखाना लागला. त्याच्या पोटात झरा आहे. वेढ्यात गावाचं पाणी तुटलं तेव्हा अर्धं शहर इथल्या नळांवर रांग लावायचं, इतकं नर्मिनाने सांगितलं. पाण्याचे कॅन कशावरून न्यायचे, मी विचारलं. जे मिळेल त्यावरून, म्हणाली. घसरगाड्या, ढकलगाड्या, बाबागाड्या. आमच्या घरी मी आणि आई आलटून पालटून यायचो.

बुधवार

विमानतळाच्या धावपट्टीखालून लोकांनी हातांनी खणलेला बोगदा होता. वेढ्यातून बाहेर पडायची तेवढी एकच वाट. लांबी आठशे मीटरच्या आसपास, उंची अशी की मोठ्या माणसाला वाकूनच जावं लागे. आता त्यातला थोडासा तुकडा बघण्यासाठी उघडा ठेवला आहे. आत शिरताच ओल्या मातीचा वास येतो. मी दहा पावलं गेले आणि माझी पाठ दुखू लागली.

बाहेर बाकावर बसून नर्मिनाने मला जे सांगितलं ते तीस वर्षांच्या शेजारात कधी सांगितलं नव्हतं. तिचा नवरा पहिल्याच हिवाळ्यात आघाडीवर मारला गेला. दुसऱ्या वर्षी लैलाचा कान पिकला, पू डोक्यात चढेल असं डॉक्टर म्हणाले, आणि औषध नव्हतं. बोगद्यातून जायला परवानगीचा कागद लागे. एका ओळखीच्याने तो मिळवला, एकाच फेरीसाठी, आई आणि मूल अशा दोघींचाच. नर्मिनाची आई आधीपासून विरोधात होती. या पोरीला चिखलातून उंदरासारखी नेऊ नकोस, इथेच काहीतरी करू, असं तिचं म्हणणं. त्यावरून भांडण झालं होतं. म्हणून नर्मिनाने तिला सांगितलंच नाही. मैत्रिणीकडे राहून सकाळी येते म्हणाली आणि निघाली. पलीकडे पोचल्यावर चिठ्ठी पाठवू, आई रागवेल आणि मग निवळेल, असा तिचा हिशेब.

छावणीत असताना काही महिन्यांनी इस्मेतची चिठ्ठी आली. आई फेब्रुवारीत न्यूमोनियाने गेली, फार त्रास झाला नाही.

बोगद्यातून त्या दोघी बाहेर पडल्या ती ऑक्टोबरातली तारीख लैलालाही पाठ आहे. दरवर्षी त्या दिवशी ती सरेहून आईला फोन करते, आणि त्या दिवशी घरात केक असतो.

गुरुवार

कबरीवर शनिवारी जाऊ, मला बरं वाटलं की मीही येतो, असं इस्मेत सोमवारपासून म्हणत होता. गुरुवारी सकाळी तो झोपलेला असताना नर्मिनाने कोट घातला. म्हणाली, त्याला चढउतार झेपणार नाही, आपणच जाऊन येऊ.

वेढ्यात माणसं इतकी मेली की स्मशानं पुरली नाहीत. ऑलिंपिकच्या स्टेडियमशेजारी सरावाची मैदानं होती, तिथे पुरलं. आता तिथे पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत, दूरवर, एकाच उंचीच्या. प्रत्येक दगडावर जन्माचं साल वेगवेगळं आणि मरणाचं त्याच तीन-चार सालांपैकी एक. तिथल्या रखवालदाराने वही बघून रांग सांगितली. गवत नीट कापलेलं होतं. ते मला खटकलं. तिला खटकलं की नाही माहीत नाही.

दगड सापडला. नर्मिनाने तळवे उघडून प्रार्थना म्हटली, तोंडावरून हात फिरवला, आणि मग वाकून दगडावरची अक्षरं रुमालाने पुसायला लागली. पुसता पुसता थांबली. मला हाक मारली आणि तारीख वाचायला सांगितली. मी वाचली. तिने पुन्हा वाचायला सांगितलं, आणि मी आकडा आकडा सुटा करून वाचला.

ती त्यांच्या बोगद्यातून निघाल्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती.

मी म्हणाले, कोरणाऱ्याची चूक असेल. ती आजूबाजूच्या दगडांकडे गेली, वाचत, एकेक. त्या ओळीतल्या तिघांवर तीच तारीख होती.

परतीची ट्राम तिने चुकवली नाही, तिकीटही पंच केलं, मला बसायला जागाही करून दिली. घरी इस्मेत खिडकीशी बसला होता. तिच्या बुटांना लागलेली ओली माती त्याने पाहिली आणि तो खुर्चीत सरळ झाला. मला त्यांची भाषा येत नाही. मी दाराशी उभी होते. तिने हळू आवाजात काहीतरी एकच विचारलं. तो बोलू लागला, थांबत, खोकत, आणि मधे तिने दोनदा प्रश्न केले. कुणाचाही आवाज चढला नाही. शेवटी ती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. इस्मेतने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या खांद्यावर शाल घातली.

शुक्रवार

काय बोलणं झालं ते तिने मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, गल्लीच्या तोंडाशी दगडी कट्ट्यावर बसून. खाली बिअरच्या कारखान्याचं छप्पर दिसत होतं.

ती निघून गेली त्या दिवसानंतरच्या सकाळी पाणी आणायची पाळी तिची होती. ती आली नाही. इस्मेत आघाडीवरून नुकताच परतला होता आणि झोपला होता. आई लैलाची बाबागाडी घेऊन, तिच्यात चार कॅन घालून खाली गेली. रांगेवर गोळा पडला. इस्मेत आवाजाने उठून धावला तेव्हा दुसरा पडला. त्याच्या खांद्यामागची कपची त्यातली.

नर्मिनाने त्याला विचारलं होतं, "मी जातेय हे आईला कळलं होतं का?"

तो म्हणाला, "नाही. मैत्रिणीकडे अडकलीस असं तिला वाटलं. म्हणाली, दमून येईल, पाणी तरी भरलेलं असू दे."

हे न सांगता त्याला दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. मी नर्मिनाला तसं म्हणालेही. ती म्हणाली, तो म्हणतो खोटं बोलायला आता वेळ नाही.

मग तिने त्याला विचारलं होतं की फेब्रुवारी आणि न्यूमोनिया कुठून आणलास. त्यावर इस्मेतने दिलेलं उत्तर तिने मला दोनदा सांगितलं, जणू मला नीट समजलं नसावं: "खरं लिहिलं असतं तर तू पोरीला घेऊन परत आली असतीस. मग मी तिघींना पुरलं असतं."

लढाई संपल्यावर तरी सांगायचं, तर ते एक वर्ष राहिलं, मग दहा वर्षं राहिलं. फोनवर ती हसायची, लैलाच्या शाळेचं सांगायची. तेव्हा काय सांगणार होता? पण दगडावर चुकीची तारीख घालणं त्याच्याने झालं नाही. म्हणून तो तिला येऊ देत नव्हता. आणि आता आपण गेल्यावर ती एकटीच येऊन तो दगड वाचेल, विचारायला कुणी नसेल, म्हणून बोलावलं.

मी तिला म्हणाले की तिचा यात दोष नाही. ती म्हणाली, "माहीत आहे. विचारलं तर सगळे हेच म्हणतील." मग आम्ही उठलो, बेकरीतून गरम सोमून घेतले. आपल्या नानसारखा हा पाव. घरी येऊन तिने त्याचा मऊ भाग कोमट दुधात कुस्करून इस्मेतला चमच्याने भरवला. त्याने निम्मा खाल्ला.

रविवार

माझं तिकीट रविवारचं होतं. तिलाही परत यायचं होतं, पण तिने तिकीट पुढे ढकललं. विंडसरच्या घराची किल्ली मला दिली, झाडांना पाणी आणि पोस्ट बघ म्हणाली, ऑक्टोबर उलटला तर गाडीला विंटर टायर घालून घे. इस्मेत दारापर्यंत आला. त्याने माझ्या हातात तांब्याचा छोटा कॉफीचा जग ठेवला आणि छातीवर हात ठेवला. मी नमस्कार केला.

विमान धावपट्टीवरून धावू लागलं तेव्हा मी पाय उचलून धरले. वेडेपणाच होता, पण खाली काय आहे ते माहीत होतं.

विंडसर

इस्मेत आणखी पाच आठवडे जगला. त्याच्या शेवटच्या दिवसांत ती दोघं काय बोलली ते मी विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली की तो बराच झोपायचा आणि ती शेजारी बसून शिवायची. मधल्या काळात ती ऑक्टोबरची तारीख येऊन गेली. लैलाने तिथे फोन केला, आणि नर्मिनाने तो घेतला. त्याला पुरून, घर शेजारच्या बाईच्या स्वाधीन करून ती नोव्हेंबरात परतली. मी तिला आणायला गेले. वाटेत तिने ग्रोसरीचं दुकान बघून थांबायला सांगितलं आणि दूध, अंडी, बटाटे घेतले.

नाताळात लैला आली. आई जेवत नाही, रात्री दिवा लावून झोपते, हे तिच्या लक्षात आलं. एक दिवस मी बर्फ वितळावा म्हणून ड्राइव्हवेवर मीठ टाकत होते तर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आंटी, डिड समथिंग हॅपन ओव्हर देअर?"

मी म्हणाले, तुझ्या आईला विचार.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, जरा हलक्या चेहऱ्याने. तिने विचारलं होतं. आईने सगळं सांगितलं म्हणे: मामाचा आजार, त्याचं शेवटचं खाणंपिणं, आणि आजी कशी त्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली, औषध असतं तर वाचली असती. लैलाचे डोळे भरले होते. ती म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात मी जाऊन येणार, आजीची कबर बघणार. पण आई म्हणते, घाई काय आहे, गवत फार वाढलंय तिथे.

मी मान हलवली आणि मीठ टाकत राहिले. कुंपणापलीकडे नर्मिना स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मीही पाहिलं, आणि मग तिने पडदा सारखा केला.

हे मी नावं बदलून लिहिलं आहे, आणि मराठीत लिहिलं आहे. लैलाला मराठी येत नाही.